पाळण्यापासून पहिल्या पगारापर्यंत: वस्तीतल्या प्रत्येक मुलामागे गाव उभं करायचं ते असं

विदर्भातल्या कुठल्याही गावात मुलांसाठी किती माणसं नेमलेली आहेत ते एकदा मोजून बघा. आशाताई आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी, मॅडम, शाळा व्यवस्थापन समिती, पाच-सात किलोमीटरवर हायस्कूल, तालुक्याला आयटीआय. योजनांची यादी तर हातभर लांब. तरी दरवर्षी काही पोरं मधेच शाळेतून नाहीशी होतात, आणि ती नेमकी कधी गेली हे गावात कुणालाच सांगता येत नाही.

स्प्रिंकलरचा पाइप गळतो तो बहुतेक जोडावर. मुलांचंही तसंच आहे. आशाताईच्या ठरलेल्या भेटी संपतात तिथे, अंगणवाडीतून पहिलीत जाताना, चौथीचा दाखला काढून दुसऱ्या गावी पाचवीला जाताना, आठवीनंतर, दहावीच्या निकालानंतर. प्रत्येक कर्मचारी आपल्या तुकड्यापुरता जबाबदार असतो, पण दोन तुकड्यांच्या मधली जागा कुणाच्याच नावावर नसते. वस्तीतल्याच पाच-सात माणसांच्या गटाने, म्हणजे वस्तीगटाने, ही मधली जागा आपल्या नावावर घ्यायची. नवी शाळा काढायची नाही, की कुणाच्या कामावर पहारा ठेवायचा नाही.

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवून दाखवली ती न्यूयॉर्कमधल्या हार्लेम चिल्ड्रन्स झोनने. जेफ्री कॅनडा यांनी १९९० च्या दशकात गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका ब्लॉकपासून, म्हणजे चार रस्त्यांमधल्या घरांच्या तुकड्यापासून, सुरुवात केली. १९९७ मध्ये ते काम चोवीस ब्लॉकांत गेलं, पुढे शंभरेक ब्लॉकांत. बाळ पोटात असताना आईबापांचे वर्ग, मग बालवाडी, शाळा, कॉलेजच्या प्रवेशापर्यंत सोबत, आणि मधे कुठेही खंड नाही. त्यांच्याकडे देणग्यांचा पैसा होता, स्वतःच्या शाळा होत्या. आपल्याकडे तो पैसा नाही, पण १९७५ पासून चालत आलेली अंगणवाडी आणि हाकेच्या अंतरावरची सरकारी शाळा आहे. गावातली साधी बाई काय करू शकते याचा पुरावा तर विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू खाली आले, आणि ती पद्धत पुढे देशभरातल्या आशांच्या कामात आली.

एक वस्ती निवडा, सगळं गाव नको

पन्नास ते ऐंशी घरांचा एक तुकडा पुरे. पूर्व विदर्भात टोला असेल, यवतमाळात कोलामांचा पोड, मेळघाटात ढाणा, कुठे बंजाऱ्यांचा तांडा, कुठे पारध्यांचा बेडा. गावठाणातला एखादा वॉर्ड घेतला तरी चालेल. मात्र गावठाण आधी आणि तांडा पुढच्या वर्षी असं ठरवू नका. ते पुढचं वर्ष येत नाही. जिथली मुलं सगळ्यात जास्त गळतात तिथूनच सुरुवात करा.

गटात पाच ते सात माणसं हवीत. बचत गटातल्या दोन बाया, एखादे निवृत्त गुरुजी, बारावी किंवा बी.ए. झालेली एक मुलगी, एक असा शेतकरी ज्याचं म्हणणं पारावर ऐकलं जातं, आणि शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, त्यामुळे असा माणूस शोधणं अवघड नाही. वस्ती ज्या समाजाची, त्या समाजातली निदान दोन माणसं गटात पाहिजेत. आशाताई आणि सेविकेला बैठकीला सन्मानाने बोलवा, पण त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादू नका. त्यांची माहिती तुमच्या वहीत उतरवायचं काम तुमचं.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: मुलांसोबतचं कुठलंही काम उघड्यावर, दोन मोठी माणसं हजर असताना. समाजमंदिर, बुद्धविहार, शाळेचा व्हरांडा, कुठेही चालेल, कुणाच्या घराची आतली खोली नको. आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

वही

सगळ्या कामाचा कणा म्हणजे एक जाड दोनशे पानी वही. प्रत्येक मुलाला एक पान. मोबाइलवरचे तक्ते नंतर करा. गटातल्या सगळ्यांना हाताळता येईल आणि आईला समोर उघडून दाखवता येईल, अशी वस्तू आधी हवी.

घरोघरी जायला बरा काळ म्हणजे कापूस घरात आला की होळीपासून पाडव्याच्या पुढे काही दिवस. त्यानंतर जंगलपट्ट्यात मोहफुलं आणि मग तेंदूपत्ता सुरू होतो, घरं रिकामी सापडतात. संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी जा. जन्मापासून एकवीस वर्षांपर्यंतच्या प्रत्येकाची नोंद घ्या: नाव, जन्मतारीख, जन्मदाखला आहे की नाही, आधारवरचं आणि शाळेतलं नाव जुळतं का, घरात कोणती भाषा बोलतात, सध्या कुठे जाते, शेवटचं कधी गेली, घर कामासाठी बाहेरगावी जातं का आणि कोणत्या महिन्यात. कर्ज किती, दारू कोण पितो, असले प्रश्न विचारू नका. ती माहिती कामाची नसते आणि पुढच्या वेळी दार उघडलं जात नाही.

जन्मदाखला नसलेली मुलं वेगळ्या खुणेने दाखवा. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर काम सोपं, वर्ष उलटलं की वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. म्हणून नव्या बाळाची बातमी कळली की बारशाआधी ग्रामपंचायतीत नोंद झाली का, ते गटाने विचारायचं.

पहिला जोड: सव्वा वर्ष ते तीन वर्षं

बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येते. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात तिच्या भेटी ठरलेल्या असतात. त्यानंतर तीन वर्षांचं होऊन मूल अंगणवाडीत बसेपर्यंत वजन, लस आणि घरपोच आहाराची पाकिटं सोडली तर कुणी ठरवून घरी येत नाही. आणि मूल बोलायला शिकतं ते याच काळात. आई निंदणाला जाते, बाळ आजीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे राहतं. म्हणजे इथे एकाच वेळी दोन मुलं मागे पडतात.

उपाय साधा आहे. आठवड्यातून दोन दिवस, तासभर, या वयाच्या मुलांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या आज्यांना अंगणवाडीत किंवा झाडाखाली एकत्र बसवा. गाणी, बडबडगीतं, वस्तूंची नावं, मातीत रेघोट्या. गोंडी, कोलामी, कोरकू, बंजारा, जी घरची भाषा असेल तीच तिथे बोलायची. आजीला सांगा की बाळाशी बोलत राहणं हेच शिक्षण आहे. तिला हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं. ग्राम आरोग्य पोषण दिनाला वजन झालं की आकडा वहीत उतरवा. सलग दोन महिने वजन वाढलं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका, आशाताईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

मुलगी असेल तर ‘लेक लाडकी’चा अर्ज सेविकेकडे भरला का ते बघा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी ही योजना आहे: जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. टप्पे शाळेशी बांधलेले आहेत, म्हणून ते वहीतल्या पानावरच लिहून ठेवा.

अंगणवाडीतून पहिलीत

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्याच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्याआधीचे दोन महिने गटाने वापरायचे. शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि मातांचे गट करायची पद्धत ‘पहिले पाऊल’ अभियानाने घालून दिली आहेच. तुम्ही तेवढे गट उन्हाळाभर जिवंत ठेवा: चार-पाच आया, आठवड्यातून एकदा, घरातल्याच डाळी, खडे, चिंचोके घेऊन मोजणं, वेगळं करणं, गोष्ट ऐकून सांगणं.

शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात सेविकेची यादी आणि पहिलीची हजेरी शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. जे नाव एका यादीत आहे आणि दुसऱ्यात नाही, त्या घरी त्याच दिवशी जायचं. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. मूल आठ-नऊ वर्षांचं होऊनही शाळेत गेलं नसेल, तर त्याला वयानुरूप वर्गात बसवून वेगळी तयारी करून घ्यायची तरतूदही आहे.

घरी मराठी नसलेल्या मुलांबद्दल मुख्याध्यापकांशी शांतपणे बोला. कोलाम पोडातलं मूल पहिलीत गप्प बसतं ते अनेकदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो म्हणून. वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी रोज पहिला तास वर्गात बसली, शिक्षकांचं बोलणं मुलांच्या भाषेत आणि मुलांचं शिक्षकांच्या भाषेत सांगत राहिली, तर दिवाळीपर्यंत वर्ग बदललेला दिसतो.

तिसरीपर्यंत वाचता आलंच पाहिजे

वेळ आणि माणसं कमी असतील, तर माझ्या मते बाकी सगळं मागे ठेवून एवढं करा. तिसरी संपताना ज्याला वाचता येत नाही, त्याला पुढचं प्रत्येक पुस्तक परकं होतं. मग ते मूल आठवीपर्यंत वर्गात नुसतं बसून राहतं आणि नववीत सोडतं. गळती नववीत दिसते, पण तिचं कारण तिसरीत असतं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा रोखही तिसरीवरच आहे.

आधी प्रत्येकाला कुठवर येतं ते बघा. गावोगावच्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत वापरतात ती पद्धत गावात कुणालाही जमते. मुलाला एकटं बसवून, न घाबरवता, चार गोष्टी वाचायला द्यायच्या: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथे अडखळलं ती त्याची पातळी. गणितात एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं लागतात. निकाल वहीत लिहा, चारचौघांत वाचून दाखवू नका.

मग संध्याकाळी एक तास. गट इयत्तेप्रमाणे न करता पातळीप्रमाणे करा. पाचवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी दोघंही शब्दावर अडलेली असतील तर एकत्र बसतील. यात मोठ्या मुलाला कमीपणा वाटतो, म्हणून त्याला गटाचं काहीतरी काम सोपवा, पुस्तकं वाटायचं, फळा पुसायचं. अर्धा तास मोठ्याने वाचन, पंधरा मिनिटं लिहिणं, पंधरा मिनिटं हिशेब. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात, पण हातात छापील गोष्टी असणं वेगळं. गणितासाठी घरातलेच कागद काढा: वेचाईचा हिशेब, कापूस विकल्याची पावती, किराण्याची चिठ्ठी. आईने किती किलो वेचला आणि दराप्रमाणे किती मजुरी झाली, हे सातवीतल्या मुलीने तपासलं की गुणाकाराचा उपयोग साऱ्या घराला दिसतो.

शिकवणारी मुलगी किंवा मुलगा फुकट राबणार नाही, राबवूही नये. महिन्याला ठरलेलं मानधन द्या, थोडं का असेना, पण वेळेवर. दर तीन महिन्यांनी पुन्हा तीच चाचणी घ्या. पातळी हलली नसेल तर मुलावर रागवायच्या आधी तास खरंच रोज होतो का ते बघा.

कापूस आणि स्थलांतर

दिवाळीपासून पुढे वेचणी असते. वेचाई किलोवर मिळते, त्यामुळे लहान हातही शेतात जातात. इथे उपदेश चालत नाही. हजेरी कोणत्या आठवड्यात पडते ते वहीतून काढा आणि त्या दिवसांत सकाळची वेळ किंवा संध्याकाळचा तास पुढेमागे करा. मोठ्या शेतकऱ्यांशी गटातल्या शेतकऱ्याने बोलावं: चौदाच्या आतलं पोर वावरात नको. हे गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला सांगितलं तरच पटतं.

जी कुटुंबं वीटभट्टीवर, किंवा गडचिरोली-चंद्रपुरातून मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांची यादी निघण्याच्या महिनाभर आधी तयार पाहिजे. दोन वाटा आहेत. मूल मागे राहणार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाची मागणी. ती उशिरा केली तर मंजुरी येईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या असतात. मूल सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे ते जिथे जाईल तिथल्या शाळेत बसेल आणि परत आल्यावर इथे पुन्हा. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात पातळी तपासा.

पाचवी आणि आठवी, म्हणजे रस्ता

शाळा दुसऱ्या गावी गेली की प्रश्न अभ्यासाचा कमी आणि वाटेचा जास्त होतो. जून उजाडण्याआधी कोण कसं जाणार ते नावानिशी ठरवा. मानव विकास मिशनची, मुलींना शाळेत नेणारी निळी एसटी बस तुमच्या फाट्यावर थांबते का, वेळ शाळेशी जुळते का, मुलींच्या सायकलींच्या यादीत नावं गेली का. बस येत नसेल तर ग्रामसभेचा ठराव, मुलींच्या सह्यांचा अर्ज आणि डेपो व्यवस्थापकाची भेट, या क्रमाने जा. मुली घोळक्याने जातील अशी जोडणी करा. एकटी पडलेली मुलगीच आधी शाळा सोडते, आणि मग घरात लग्नाचं बोलणं निघतं. तशी कुजबुज कानावर आली तर ग्रामसेवकाला कळवा. गावपातळीवर बालविवाह रोखायची जबाबदारी त्यांच्यावर आहे.

पाचवीतल्या हुशार मुलांना नवोदयला बसवा. फॉर्म पावसाळ्याच्या सुमारास निघतात, परीक्षा हिवाळ्यात होते, आणि ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. आठवीत एनएमएमएस, म्हणजे केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) असले तर परीक्षेला बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. मुलं निवडली जातात आणि तरी पैसे बुडतात, कारण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं आणि बँक खातं आधारशी जोडलेलं (आधार सीडिंग) लागतं. हे दोन्ही वहीत वेगळ्या रकान्यात ठेवा.

कागदपत्रं नववीतच

दहावी-बारावीनंतरचे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या गुणांमुळे हुकतात त्याहून कागदांमुळे जास्त हुकतात असं माझं मत आहे. निकाल लागला की सेतू केंद्रावर जत्रा भरते, सर्व्हर बसतं आणि तारीख निघून जाते. म्हणून नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम काढा.

जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेच्या आधी तुमच्या वाडवडिलांचं वास्तव्य आणि जात दाखवणारा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, नसतील तर तहसीलमधली कोतवाल बुकाची नक्कल किंवा जमिनीचे जुने कागद. एका भावकीत एकाचा पुरावा सापडला की वंशावळ जोडून बाकीच्या पोरांचं काम होतं. म्हणून भावकीप्रमाणे फाइल बनवा, मुलाप्रमाणे नको. सोबत अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तिथे नॉन क्रीमी लेअर. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. नावातला, आडनावातला एका वेलांटीचा फरकही पुढे अडवतो, तो शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या.

दहावीनंतर

निकालाच्या आठवड्यात गटाने प्रत्येक घरी जायचं. पास झालेल्यांकडेही, पण नापास झालेल्यांकडे आधी. पुरवणी परीक्षेचा फॉर्म लगेच भरावा लागतो, आणि नापास पोरगा त्या आठवड्यात घराबाहेर पडत नाही.

पर्याय सांगताना सगळ्यांना सायन्स किंवा सगळ्यांना पोलीस भरती असं करू नका. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटरचे दोन वर्षांचे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, तिला विद्यावेतन मिळतं. बुटीबोरी, नांदगाव पेठ, चंद्रपूरचं वीज केंद्र, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणी, ही आपल्याच भागातली ठिकाणं आहेत. दोन वर्षांचा आयटीआय करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ही वाट फार थोड्यांना माहीत असते. उन्हाळ्यात नववी-दहावीच्या पोरांना तालुक्याच्या आयटीआयची कार्यशाळा आणि एखादा कारखाना दाखवून आणा. मुलींनाही फिटरचं यंत्र हाताळू द्या.

कॉलेजसाठी शहरात जाणाऱ्यांना आधी सरकारी वसतिगृह, तिथे जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या स्वाधार, स्वयंम् किंवा आधार योजना. मुलींना हे ठासून सांगा: २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पैसे नाहीत म्हणून फार्मसी, इंजिनिअरिंग सोडायचं कारण नाही. पहिल्या सहा महिन्यांत शहरातून परत येणारी मुलं बरीच असतात, म्हणून त्या काळात महिन्यातून एक फोन गटातल्या ठरलेल्या माणसाने करायचा. नोकरी लागली तरी पहिला पगार होईपर्यंत पान बंद करू नका.

पैसा आणि ग्रामसभा

मानधन, पुस्तकं, चाचणीचे कागद, प्रवासभाडं, एवढाच खर्च आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. मागणी लेखी द्या आणि विकास आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत मांडा, नंतर नाही. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना वेगळा थेट निधीही मिळतो. लोकवर्गणी घ्यायची तर कापूस विकल्यावर घ्या, पावती द्या आणि हिशेब शाळेच्या भिंतीवर लावा.

पहिल्या वर्षी सगळे जोड धरू नका. वाचनाचा तास आणि नववीची कागदपत्रं, एवढं घेतलं तरी वर्ष भरून जातं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वहीतले आकडे वाचा: पहिलीत यायला हवी होती किती, आली किती, तिसरीतल्या कितींना गोष्ट वाचता येते, दहावीनंतर किती कुठे गेले. आकडेच वाचा, नावं नाही. नावांसाठी त्याच संध्याकाळी घरोघरी जायचं.